दशरथ घाडीचं गाऱ्हाणं

“गे शेवंते, बाव काय मी बुजवलंय? माझ्या हातात मातयेची पाटी व्हती काय?”

“पाटी नव्हती. तोंड व्हता. तोंडान बुजवलंस.”

“माका एकट्याक कित्याक बोलतस? तुझो घोव व्हतो मां थय! सगळ्यांत मोठ्यान तोच बोंबलत व्हतो.”

“तो बैल आसा. बैलाक कोण विचारता? नांगर कोणी धरल्यान, ता बोल घाड्या!”

शेवंतीच्या डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी होती, पण भांडताना तिनं एकही भांडं खाली टेकवलं नाही. पाणी खाणीतलं होतं, हिरवट, वर दगडाच्या पिठाची साय धरलेलं. ती उभी होती ती जागा म्हणजे महिन्याभरापूर्वीची बाव, वाडीची विहीर. आता तिथं मातीचा फुगवटा आणि फुटक्या कौलांचा ढीग होता, आणि त्यावर कुणाची तरी शेळी चढून बसली होती.

“माझो बाळो गेलो,” शेवंती म्हणाली, “तुका त्याचा काय? तुझा गाऱ्हाणा झकास झाला. सायबान नारळ घेतल्यान.”

एवढं बोलून ती वळली आणि चालती झाली. तिच्या पाठीवर सांडलेलं पाणी दशरथ बघत राहिला. खाली पडलं तर जमीन पिऊन टाकील म्हणून तिनं ते अंगावरच सांडू दिलं होतं.

वाकोल्याच्या ओढ्यापलीकडे बोरभाट नावाची ही वाडी. सगळी आमच्याच मुलखातली माणसं. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी खाणीवर दगड फोडायला. मुंबई वाढवून पार अंधेरीच्या पुढं नेली त्याला तेव्हा चार-पाच वर्षं होऊन गेली होती, पण बोरभाटाला ते कळलं एवढ्यापुरतंच, की पूर्वी कुणी साहेब येत नसे तो आता अधूनमधून येऊन नाकाला रुमाल लावी. वाडीची जमीन मार्तंडरावांची. त्यांचं दगडी कुंपण, कुंपणाआत म्हशींचा तबेला आणि त्यांची खाजगी विहीर. वाडीची बाव कुंपणाबाहेर, रस्त्याला लागून. तीच एक काय ती सगळ्यांची. वैशाखातसुद्धा तिच्यात माणूस बुडेल एवढं पाणी असे.

दशरथ जातीचा घाडी. आता घाडी म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे रडगाणं नव्हे. पुण्याकडचे लोक तक्रारीला गाऱ्हाणं म्हणतात, ते म्हणोत. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात ते देवाला. घाडी देवळाच्या चौकात उभा राहतो, हात जोडतो आणि देवाशी मोठ्या आवाजात बोलायला लागतो. अमक्याची गाय हरवली आहे, तमक्याचा थोरला झील बोटीनं मुंबईला निघाला आहे, ती लेकरं तुझी आहेत, सांभाळ रे म्हाराजा. दर वाक्याच्या शेवटी मागचे सगळे पुरुष एकसुरात म्हणतात, “व्हय म्हाराजा!” बायका लांब, दीपमाळेपाशी उभ्या राहतात. त्यांनी बोलायचं नसतं. एकदा गाऱ्हाणं घातलं की माणसाचं काम संपलं. पुढचं देव बघतो. लोक नारळाचं खोबरं चावत घरी जातात.

दशरथाचा आवाज म्हणजे पितळी घंटा होती. बापानं तो घडवला होता, पोराला समुद्राकडे तोंड करून उभं करून. मुंबईत आला तेव्हा घंटेला देऊळ उरलं नाही, म्हणून तो कौलं चाळायला लागला. उन्हाळ्यात सांताक्रूझपासून अंधेरीपर्यंतच्या बंगल्यांची कौलं काढायची, कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, रिपा, बघायच्या, फुटकी बदलायची, पुन्हा लावायची. पण वाडीला घाडी हवाच असतो. बोरभाटातल्या पिंपळाखाली गावचा एक दगड आणून बसवला होता. त्याच्यापुढं दशरथ उभा राही. बाळंतपण अडलं, गाऱ्हाणं. गिरणीत बदली लागली, गाऱ्हाणं. बावन्न सालच्या निवडणुकीत जो कोणी मत मागायला आला त्याला पिंपळाखाली उभा करून दशरथानं गाऱ्हाणं घातलं, आणि वाडीनं प्रत्येकाला “व्हय म्हाराजा” म्हटलं. सगळेच खूष होऊन गेले.

तर त्याच पिंपळाखाली माघात म्युनिसिपालिटीचे पाणीखात्याचे साहेब आले. बरोबर एक कारकून आणि मार्तंडराव. दशरथानं साहेबांना खुर्ची दिली, पायाशी नारळ ठेवला आणि हात जोडून सुरू केलं:

“बा सायबा म्हाराजा, लांबसून इलेली ही लेकरां तुझी...”

“व्हय म्हाराजा!”

“पाण्याचो त्रास आसा, बावडेत गाळ साचलो आसा, तो तू नजरेन बघ...”

“व्हय म्हाराजा!”

साहेब तरुण होते आणि दमलेले होते. आधी बिचकले. मग बावीत डोकावून आले. पाण्यावर डासांच्या अळ्या वळवळत होत्या. ते खुर्चीत परत बसले आणि समजावून सांगू लागले. त्यांचाही आवाज चांगला होता, एकेक वाक्य तोडून बोलत.

“ही विहीर उघडी आहे. हिच्यामुळं हिवताप पसरतो.”

“व्हय म्हाराजा!”

“म्युनिसिपालिटी तुम्हाला नळ देणार आहे.”

“व्हय म्हाराजा!!”

“तेव्हा ही बुजवून टाकणं तुमच्याच हिताचं आहे.”

“व्हय म्हाराजा!”

“कुणाची हरकत नाही?”

“व्हय म्हाराजा!”

कारकून लिहीत होता. मार्तंडराव पिंपळाला टेकून, नखं बघत उभे होते. रस्त्याच्या पलीकडे बायका घागरी घेऊन थांबल्या होत्या. त्यांच्यातली दशरथाची बायको रुक्मिणी शेवंतीला हळूच म्हणाली, “नळ कधी, ता कोणी विचारूक नाय गे.” पण ते रस्त्याअलीकडे आलं नाही. येण्याची रीतच नव्हती.

साहेबांनी नारळ पिशवीत टाकला. लोक पांगले. दशरथाच्या मनात तर कसलीच शंका नव्हती. देवानं ऐकलं होतं. गावात गाऱ्हाणं घातल्यावर कुणी देवाला विचारतं काय, की कधी करतोस?

होळी झाली आणि माती घेऊन गाड्या आल्या. बाव गेली. नळ आला नाही. मार्तंडरावांनी बावीपर्यंत कुंपणाच्या लाकडी खुंट्या मारल्या आणि त्यांच्या खाजगी विहिरीचं पाणी पाहिजे त्या बाईनं आधी तबेल्यातलं शेण काढावं, मग हंडा भरावा, अशी सोय करून दिली. ज्यांना ते जमेना किंवा सोसेना त्या खाणीवर जाऊ लागल्या. खाणीत सुरुंगानं पडलेला खड्डा होता. त्यात पावसाचं जुनं पाणी साठलेलं. त्यातच खाणीवरची गाढवं पीत.

शेवंतीचा बाळा दोन वर्षांचा होता. उलट्या, जुलाब आणि मग काहीच नाही. सकाळी सुरू झालं ते संध्याकाळी संपलं. पोराला पुरून पुरुष परत आले तर हातपाय धुवायला पाणी नव्हतं. तसेच मातीच्या पायांनी घरात शिरले.

त्यानंतर शेवंती दशरथाला दिसली की बोलायची. वर दिलं ते भांडण पहिलं नव्हे आणि शेवटचंही नव्हे. शिव्या सगळी वाडी देत होती. गाऱ्हाणं त्यानं घातलं होतं. शिवाय स्वतःला शिव्या देण्यापेक्षा घाड्याला देणं सोपं.

रुक्मिणी शिव्या देत नसे. ती त्याच्याशी बोलतच नसे. तबेला साफ करून आलेली बायको भाताच्या तपेल्यापाशी वाकते तेव्हा शेणाचा वास आधी येतो आणि भाताचा नंतर. दशरथाला जेवण जाईनासं झालं.

चैत्रात त्याला नलिनीबाईंच्या बंगल्याचं काम मिळालं. नलिनीबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. सकाळी ओसरीवर बसून वर्तमानपत्र वाचायच्या, पहिल्या अक्षरापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत. दशरथ वर कौलं उतरवत होता. एकदा आढ्यावरूनच त्यानं हाक मारली.

“बाई! त्या पेपरात म्युनिसिपालटीचा काय येता काय?”

“येतं ना. का रे?”

“बोरभाटाच्या नळाचा काय इला हा?”

बाई हसल्या. “एवढ्या मोठ्या मुंबईत तुझ्या बोरभाटाचं कोण छापणार? खाली ये आधी, मान दुखते माझी वर बघून.”

दशरथ खाली आला आणि त्यानं सगळं सांगितलं. नारळासकट. बाई ऐकता ऐकता कपाळाला हात लावून बसल्या.

“अरे, तो देव नव्हता. नोकर होता. तुमच्याआमच्या पट्टीच्या पैशावर पगार घेणारा नोकर. नोकराला कुणी नारळ देतं?”

“पण चांगलो बोलत व्हतो ओ.”

“चांगला बोलेना का. तुम्ही विचारलंत काय? नळ कधी येणार? कुठं येणार? तोपर्यंत विहीर का बुजवता? कारकून लिहीत होता ते काय लिहीत होता?”

“ता कसा विचारूचा?”

“जसं मला विचारतोस, बाई, चहा झाला का? तसं!”

दशरथ खाली बघून हसला. मग बाईंनी सांगितलं ते त्यानं कौलं चाळताना मनात घोळवलं, जसं बापाचं गाऱ्हाणं घोळवलं होतं तसं. वाकोल्याचा एक कौन्सिलर आहे. त्याला तुम्हीच मत दिलंय. तो रविवारी सकाळी घरी लोकांना भेटतो. जायचं. वॉर्डाच्या कचेरीत जायचं, साहेब भेटेपर्यंत बसायचं. कुणी काही लिहून घेतलं तर म्हणायचं, वाचून दाखवा. आणि कुणी विचारलं तर आधी गप्प बसायचं, एकदम हो म्हणायचं नाही.

“तुमी जाऊन इल्यात काय कधी, त्या कौन्सिलराकडे?”

“मी?” बाईंनी पेपराची घडी घातली. “माझ्या दाराशी नळ आहे रे.”

दशरथ गेला. वॉर्डाच्या कचेरीत साहेब फिरतीवर होते. पुन्हा गेला तेव्हा साहेब मीटिंगमध्ये होते. तिसऱ्या खेपेला शिपाई म्हणाला, “तू रोज काय येतोस यार, तुझं इथं काम आहे का?” दशरथ म्हणाला, “काम छपरार आसा. हय मी फुकट येतंय.” शिपायाला हसू आलं. त्यानं त्याला बाकावर बसू दिलं, एवढंच. रोजगार बुडत होता. चैत्र संपत आला. ज्या बंगल्यांची कौलं उतरवून ठेवली होती तिथं ऊन थेट माजघरात पडत होतं आणि लोक ओरडत होते.

रविवारी कौन्सिलरच्या ओसरीवर माणसं रांगेनं बसली होती. दशरथाचा नंबर लागला तेव्हा कौन्सिलर चांगलं बोलले. चांगलं बोलणाऱ्या माणसाची दशरथाला आता भीती वाटायला लागली होती.

“बोरभाट? तिथं तर सगळ्यांनी एकमुखानं होकार दिलाय. कचेरीत तसं नोंदलंय. एक माणूस विरोधात नाही! मी काय बोलू आता?”

“म्हाराज... सायब, ता व्हय म्हणजे व्हय न्हय. ती आमची बोलूची तऱ्हा.”

“असं कसं? हो म्हणजे हो.”

दशरथ उठला नाही. बाईंनी सांगितलं होतं, उठायचं नाही. मागचा माणूस खाकरला, पुन्हा खाकरला. शेवटी कौन्सिलर म्हणाले, “बरं, नळाची जागा ठरवायला खात्याचा माणूस वैशाखात परत येणार आहे. तेव्हा काय ते नीट बोला. सगळ्यांनी. मग मला सांगायला ये.”

दशरथ तिथून जवळजवळ पळतच वाडीत आला.

आता खरं काम होतं. संध्याकाळी पुरुष कामावरून येत, तेव्हा दशरथ त्यांना पिंपळाखाली गोळा करू लागला. म्हणाला, ‘नाय’ म्हणूक शिका. लोक म्हणाले, त्यात काय शिकायचं? दशरथ म्हणाला, बघू.

हात जोडून तो उभा राहिला.

“बा देवा म्हाराजा, आमची बाव बुजवली ती बरी झाली...”

“व्हय म्हाराजा!”

“मेल्यांनो! नाय म्हणा!”

“मगे तू तसो आवाज काढू नको मां,” शेवंतीचा नवरा म्हणाला. “तो आवाज इलो की तोंड आपसूक उघाडता.”

“तो आवाज सायबाचो पण आसा! आयका, परत. बा म्हाराजा, आमका नळ नाय दिलात तरी चलात...”

“व्ह... नाय म्हाराजा!”

“म्हाराजा नको! नुसता नाय!”

पोरं हसून लोळत होती. दशरथाला घाम फुटला होता. एकदा रागानं तो ओरडला, “बा देवा म्हाराजा, ह्या सगळ्यांच्या तोंडात माती घालू काय?” आणि पिंपळाखालून ते उठलं, गिरणीवाले, गोदीवाले, खाणवाले, सगळ्यांच्या छातीतून एकदम उठलं, “व्हय म्हाराजा!”

त्या दिवशी कुणी हसलं नाही.

वैशाखात खाणीतलं पाणी तळाला गेलं. बायका आता वाटीनं हंडा भरत. पाण्यात मेलेले बेडूक. नलिनीबाईंनी सांगितलं होतं, पाणी उकळून प्या. पण उकळायला लाकडं लागतात, आणि खाणीवरून आलेल्या बाईला लाकडं गोळा करायला वेगळे हात नसतात. आणि मग कुंदा आजारी पडली. दशरथाची थोरली, आठ-नऊ वर्षांची, आईबरोबर खाणीवर जाणारी. बाळाचं झालं तसंच सुरू झालं. उलटी, जुलाब, डोळे आत. डॉक्टरनं औषध दिलं आणि म्हणाला, पाणी पाजा, भरपूर पाजा. रुक्मिणी त्याच्याकडे बघत राहिली. मग कितीतरी दिवसांनी ती नवऱ्याशी बोलली:

“आयकलंस? पाणी पाजूक सांगता.”

नेमके दुसऱ्या दिवशी साहेब आले.

तेच साहेब, तोच कारकून. बरोबर मार्तंडरावही. ह्या खेपेला नारळ नव्हता, पण खुर्ची होती. पुरुष पिंपळाखाली जमले. रस्त्यापलीकडे बायका खाणीवरून येऊन थांबल्या. दशरथ पुढं उभा होता, पण हात जोडायचे नाहीत एवढंच त्याला आठवत होतं. ते कुठं ठेवायचे हे कळेना. त्यानं ते पाठीमागं बांधले.

“नळ मंजूर झाला आहे,” साहेब म्हणाले.

पुरुषांनी ओठ गच्च मिटून धरले.

“खयसर?” दशरथानं विचारलं. आवाज फाटका निघाला. “आनी कधी?”

साहेबांनी त्याच्याकडे नीट बघितलं. “मुख्य पाइप मार्तंडरावांच्या फाटकापर्यंत आला आहे. त्यांनी जागा देऊ केली आहे, कुंपणाच्या आत. तुम्ही कबूल असाल तर आठवड्याभरात पाणी सुरू होईल. कबूल नसाल तर कागद परत वर जाईल. मग मी सांगू शकत नाही.”

आठवड्याभरात पाणी! हे वाक्य पिंपळाखाली पडलं आणि सगळ्यांनी ते तोंडात धरलं. दशरथानंही. त्याला घाडीपण, नलिनीबाई, कौन्सिलर सगळं विसरायला झालं. त्याला दिसलं एवढंच, कुंदाच्या ओठांवर धरलेली वाटी आणि वाटीतलं स्वच्छ पाणी. नळ कुंपणाच्या आत काय आणि बाहेर काय! पाणी पाणीच ना? महिनाभर ज्यानं वाडीला ‘नाय’ शिकवलं होतं त्याचंच तोंड उघडलं. मागं पुरुषांची तोंडं उघडली. छाती भरून आली, तो जुना सूर वर चढला.

“व्ह...”

“नाय!”

आवाज रस्त्यापलीकडून आला होता. रुक्मिणी हंडा कमरेवर घेऊन रस्ता ओलांडत होती. चालता चालताच बोलत होती, आणि ओरडत नव्हती.

“कुंपणाच्या आत नळ नको. आमी त्या कुंपणात जातंव. आमका ठावक आसा. शेण काढला तर पाणी, नाय काढला तर कुलूप. आता विहिरीक कुलूप आसा, मगे नळाक पडात.”

“गे रुक्मिणी!” शेवंतीचा नवरा म्हणाला. “बायलांनी मदी बोलूचा नसता!”

“पाणी कोण हाडता? तू हाडतस?”

“चेडवाचा तरी बघ गे,” दशरथ पुटपुटला. “कुंदाक पाणी व्हया.”

“कुंदाक आज व्हया,” रुक्मिणी म्हणाली. “उद्या तिका शेण काढूक मी नाय धाडूची.” मग साहेबांकडे वळून, डोक्यावरचा पदर सारखा करून, “नाय.”

“नाय,” शेवंती म्हणाली. तीही आता पिंपळाखाली आली होती. मागून आणखी बायका आल्या. “नाय.” “नाय.” एकसूर काही नव्हता. कुणी आधी, कुणी नंतर, कुणी खोकत. कुणी शिकवलंच नव्हतं त्यांना कधी, ‘व्हय’ही नाही आणि ‘नाय’ही नाही. त्यामुळं तोंडात आधीपासून काही तयार नव्हतं. जे होतं तेच निघालं.

मार्तंडराव पहिल्यांदाच बोलले. “मग प्या खाणीचं.”

साहेब वैतागले. “हे असं चालणार नाही. काहीतरी एक सांगा. पुरुषांचं म्हणणं काय आहे?”

पुरुषांनी दशरथाकडे बघितलं. दशरथानं रुक्मिणीकडे बघितलं. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. तिचा हंडा झिरपत होता आणि तिच्या पायाशी ओल धरत होती.

“वाडीचा म्हणणा ‘नाय’ आसा,” दशरथ म्हणाला. “लिवा. आनी काय लिवलात ता माका वाचून दाखवा.”

कारकुनानं मान वर केली. “वाचून?”

“व्हय. मागल्या खेपेक वाचूक नाय. आज वाचा.”

कारकुनानं लिहिलं आणि कंटाळलेल्या आवाजात वाचलं: रहिवाशांनी नळाच्या जागेस नकार दिला.

“अर्धा लिवलंस,” शेवंती म्हणाली. “नळ नको असा वाटात कोणाक. बाव व्हती थय रस्त्यार नळ व्हयो, कुंपणाच्या भायर, असा लिव. आनी खाणीतल्या पाण्यान पोर मेला, ता पण लिव.”

“ते लिहिता येत नाही बाई.”

“कित्याक? मेला ता खोटा काय?”

कारकुनानं साहेबांकडे बघितलं. साहेब क्षणभर मातीच्या त्या फुगवट्याकडे बघत राहिले, ज्याला ते विहीर म्हणून ओळखत होते. मग म्हणाले, “लिहा.”

लिहिलं. वाचलं. दशरथानं अंगठा दिला.

“कधी?” त्यानं विचारलं.

“ते माझ्या हातात नाही,” साहेब उठत म्हणाले. “वर जाईल. पावसाळ्याआधी नाही, एवढं सांगतो.”

ते गेले. खुर्ची तशीच राहिली. मग पुरुषांच्या तोंडातून जे काही बाहेर पडलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. हातातोंडाशी आलेला नळ बायकांनी घालवला, आणि घाड्यानं बायलेचं ऐकून वाडीची वाट लावली, असा एकूण सूर. हा सूर मात्र एक होता. शेवंतीच्या नवऱ्यानं तिला त्या दिवशी मारलं. शेवंती मार खाऊन बाहेर आली, हंडा उचलला आणि खाणीवर गेली, कारण पाणी संपलं होतं.

दशरथ कुंदाच्या उशाशी बसला. पोर हलकी झाली होती, सुक्या माडाच्या झावळीसारखी. रुक्मिणीनं चूल पेटवून पाणी उकळत ठेवलं. लाकडं म्हणून तिनं कुंपणाच्या बावीकडल्या खुंट्या उपटून आणल्या होत्या. दशरथानं त्या ओळखल्या आणि एक उचलून चुलीत सारली.

“माका वाटला,” तो म्हणाला, “आठवड्यात पाणी येयत म्हणान...”

“माका पण वाटला,” रुक्मिणी म्हणाली. “म्हणानच बेगीन बोललंय. थोडा थांबलंय असतंय तर माझ्या तोंडातसून पण व्हयच इला असता.”

तिनं निवलेल्या पाण्याची वाटी कुंदाच्या तोंडाला लावली. पोरीनं दोन घोट घेतले. दोघंही वाट बघत बसले, उलटी होते काय. झाली नाही. पण झाली नाही म्हणजे होणार नाही असं नव्हे, हे बाळाच्या वेळी वाडीनं बघितलं होतं.

सकाळी दशरथ नलिनीबाईंच्या बंगल्यावर गेला. अर्धं छप्पर अजून उघडं होतं. बाई ओसरीवर पेपर घेऊन बसल्या होत्या.

“काय झालं रे? आला होता का साहेब?”

“इलो व्हतो.”

“मग?”

“आमी नाय म्हटला.”

“शाबास! विचारलंस ना, वाचून घेतलंस ना?”

“घेतलंय.”

“मग नळ?”

“नळ नाय.” शिडी भिंतीला लावता लावता तो थांबला. “बाई, तुमच्या नळाखाली एक कळशी भरून ठेवतंय. चेडवासाठी. जाताना नेतंय.”

“अरे, विचारतोस काय, ने की! रोज ने.”

“रोज नको,” दशरथ म्हणाला. “रोज न्हेलंय तर माझ्याय दाराशी नळ आसा असा माका वाटात.”

पेपर बाईंच्या मांडीवर तसाच राहिला.

“रविवारी तो कौन्सिलर घरी भेटतलो मां?” दशरथानं शिडीवरून विचारलं.

“असतो. सकाळी.”

“ह्या खेपेक रुक्मिणी येतली. शेवंती पण. तेंका बसूक बाकडो देयत काय तो?”

“न देऊन सांगतो कुणाला?” बाई म्हणाल्या, आणि मग थोड्या थांबून, “मी येऊ का रे?”

दशरथ छपरावर पोचला होता. ऊन तापायला लागलं होतं. आढ्यावरून बघितलं तर ओढ्यापलीकडं बोरभाट दिसत होतं, आणि बोरभाटातून खाणीकडं निघालेल्या बायकांची ओळ. त्यांच्यातली रुक्मिणी कुठली, ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

“येवा,” तो म्हणाला. “पण थय रुक्मिणी बोलतली, तुमी नुसत्या बसा. आणि खालची ती साबूत कौलां हडे सरकवा, फुटकी वेगळी ठेवा. आज ही बाजू झाकूक व्हयी.”

त्यानं रिपेवर हात फिरवला. एका ठिकाणी वाळवी लागली होती. तो तुकडा त्यानं कोयत्यानं तोडून खाली टाकला, खिशातून खिळे काढून ओठांत धरले आणि नवी रीप ठोकायला लागला.